वाटे करायचेत, ये!

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी काकांचा फोन आला. मी राजारामपुरीतल्या एका कॅफेत लॅपटॉप उघडून बसले होते. समोर कोल्ड कॉफी, डोक्यावर डेडलाईन. आमचे काका फोनवर 'हॅलो' म्हणण्यात वेळ घालवत नाहीत.

"रविवारी वाटे करायचेत. सकाळी लौकर ये. तुझ्या पप्पास्नी सांगितलंय."

फोन कट. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

तुम्ही कोल्हापूरचे असाल, तर पाणी का सुटलं हे सांगायची गरजच नाही. बाकीच्यांसाठी (म्हणजे पुण्यात फ्लॅट घेऊन 'आमच्याकडे' म्हणायला लागलेल्यांसाठी) थोडा खुलासा. गावाकडं आठ-दहा घरं मिळून एक बोकड घेतात. उजाडता उजाडता तो कापला जातो आणि मग ताडपत्रीवर, नाहीतर केळीच्या पानांवर, जेवढी घरं तेवढे ढीग मांडले जातात. ते वाटे. २०१९ च्या अखेरीला मटणाचे दर वाढले म्हणून अख्खं कोल्हापूर आंदोलनाला उतरलं होतं, आठवतंय ना? त्या दिवसांत शहरातल्या गल्ल्यांनासुद्धा ही गावाकडची पद्धत एकदम प्यारी झाली होती.

वाटे करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. नुसतं वजन सारखं करून भागत नाही. सीना प्रत्येकात हवा, चाप प्रत्येकात हवी, मांडी हवी, नळी तर हवीच हवी. काळजाचा तुकडा (अक्षरशः!) प्रत्येक ढिगावर एकेक. मुंडी आणि पायांचा हिशोब वेगळा. एवढं सगळं करूनही कुणाला तरी शेजारचा ढीग जरा मोठा दिसतोच. म्हणून मग शेवटची युक्ती. एक जण ढिगांकडं पाठ करून बसतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेईल त्याचा तो वाटा. तक्रार नाही, अपील नाही. लहानपणी सुट्टीत गावी गेले की पाठ करून बसायचं काम माझ्याकडं असायचं. सगळ्यांत धाकटी, म्हणून कुणाच्या बाजूची नाही, असा हिशोब. आयुष्यात एवढी पॉवर मला परत मिळालेली नाही.

पुढं मास कॉमला असताना कुठल्याशा असाइनमेंटसाठी वाचलं, की हीच भानगड सोडवायला मोठमोठे गणिती बसले होते. दोघांत केक वाटायचा तर सोपं आहे, एकानं कापायचा, दुसऱ्यानं आधी उचलायचा. पण तिघं असतील तर? चार असतील तर? पोलंडच्या ह्यूगो स्टाइनहाउस या गणितज्ञानं १९४८ साली या 'न्याय्य वाटणी'वर चक्क एक शोधनिबंध छापला. आमच्या गावात कुणी तो वाचलेला नाही. बोकड मात्र वेळेवर वाटला जातो.

तर रविवारी सकाळी मी घरातला सगळ्यांत मोठा कडीचा डबा घेतला आणि निघाले. आई गडहिंग्लजला लग्नाला गेलेली, पप्पा आदल्या संध्याकाळीच गावी पोचलेले, दादा बंगळूरला. म्हणजे घरचा वाटा आणायची जबाबदारी माझी. कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणीला वळसा घातला, हायवेला लागले, वाठारला आत वळले. आमचं गाव वारणाकाठचं. अलीकडं कोल्हापूर जिल्हा, पाण्यापलीकडं सांगली.

अंगणात पोचले. बोकड कुठंच दिसेना. ताडपत्री नाही, केळीची पानं नाहीत. सोप्यात मात्र चटई अंथरलेली, तिच्यावर सातबाऱ्याचे उतारे, नकाशे, एक जाडजूड फाईल आणि तालुक्याहून आलेले दस्त लिहिणारे गृहस्थ. एका कोपऱ्यात कापडाच्या दुकानाची पिशवी, तिच्यात दोन नव्या साड्या. पप्पा भिंतीला टेकून बसलेले. थोरली आत्ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, इचलकरंजीची धाकटी आत्ती तिच्या मागं.

सगळ्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डब्याकडं.

"ह्यो डबा कशाला आणलास गं?" काका.

मंडळी, वाटे जमिनीचे होते.

तुम्ही हसाल, पण चूक एकट्या माझी नाही. हा शब्दच घोळाचा आहे. ऑफिसात कुणी प्रोजेक्टमध्ये 'खारीचा वाटा' उचलतो आणि अप्रेझलला 'सिंहाचा वाटा' मागतो. (इसापच्या मूळ गोष्टीत सिंह मोठा वाटा घेत नाही, सगळे वाटे घेतो. बॉसला हे माहीत असतं.) एखाद्याच्या 'वाट्याला जाऊ नको' म्हणजे त्याच्या नादाला लागू नको. आणि 'वाट्याला आलं' म्हणजे आलिया भोगासी. फोडलेल्या नारळाचं अर्ध म्हणजे वाटी. दुसऱ्याची जमीन निम्म्या पिकावर कसणारा तो वाटेकरी. वाटणी हा शब्द संस्कृतातल्या 'वण्टन'वरून आला, आणि आपण जिच्यावरून चालतो ती वाट 'वर्त्म'वरून. म्हणजे दोघींचं नातं काही नाही, नुसतं नावात साम्य. तरी वाटणी झाली की बहुतेक घरांची वाट लागते, हा निव्वळ योगायोग समजायचा.

आमच्या पिढीनं हा शब्द जवळजवळ हद्दपार केला होता. आम्ही 'टीटीएमएम' म्हणायचो. तू तुझं, मी माझं. आता त्यासाठी मोबाईलवर अॅप आहेत, चहाच्या कपाचाही हिशोब ठेवतात. कोल्हापुरात मात्र टीटीएमएम कधी नीट रुजलंच नाही. इथं मिसळीचं बिल कोण देणार यावरून काउंटरवर हातघाईची वेळ येते आणि पैसे न देता आल्याबद्दल लोक आठवडाभर नाराज असतात. मग तेच लोक बांधावरच्या हातभर जमिनीसाठी वीस वर्षं कोर्टात का जातात, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या रविवारी थोडं कळलं.

आमची जमीन साडेतीन एकर. म्हणजे १४० गुंठे. आजोबा २०११ मध्ये गेले, आज्जी त्यांच्या आधीच. मुलं चार, थोरली आत्ती, मग पप्पा, मग काका, शेवटी धाकटी आत्ती. पप्पा नोकरीसाठी शहरात आले, काका गावात राहिले. ऊस लावला, आजोबांचं आजारपण काढलं, दोन्ही आत्त्यांची बाळंतपणं त्याच घरात, काकूच्या हातून झाली. हे सगळं खरं आहे आणि कुणी नाकारत नाही. आता काकांचा मुलगा मोठा झालाय, त्याला ठिबकसाठी कर्ज काढायचंय, आणि सामाईक सातबाऱ्यावर सगळ्यांच्या संमतीशिवाय काही हलत नाही. म्हणून वाटणी.

पण १४० भागिले दोन बरोबर ७०, इतकं ते सोपं नसतं. आमची जमीन सलग नाही. एक तुकडा नदीकाठच्या मळीचा, काळाभोर. दुसरा मधला, बरा. तिसरा वर माळावर, तिथं पावसाळ्याशिवाय कुसळंच. कुणी म्हणेल, एकानं मळी घ्यावी, दुसऱ्यानं बाकीचं सगळं. कोण तयार होईल? म्हणून मग बोकडाचाच नियम. प्रत्येक वाट्यात सीना हवा. मळी निम्मी-निम्मी, मधला तुकडा निम्मा-निम्मा, माळ निम्मा-निम्मा. त्यात प्रत्येकाला रस्ता लागला पाहिजे आणि पाणी पोचलं पाहिजे, म्हणून चिरायची ती उभी. दस्तवाल्यांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या तेव्हा मळीचे दोन लांबलचक रिबिनीसारखे पट्टे झाले. पुढच्या पिढीत चार होतील, आणि मग ट्रॅक्टर वळवायचा तर शेजारच्याच्या उसात. १९४७ साली मुंबई सरकारनं तुकडेबंदीचा कायदा आणला तो याचसाठी. पण घराघरातली समज अशी, की तुकडे पडले तरी चालतील, कुणाला कमी पडता कामा नये.

आणि विहीर! विहीर चिरता येत नाही. ती अख्ख्या भाऊबंदकीची, आणि तिचे वाटे अजूनही आण्यांत. देशात दशमान नाणी १९५७ साली आली, आमच्या विहिरीला कुणी कळवलं नसावं. सोळा आण्यांची विहीर, त्यात आमचे चार आणे. म्हणजे चार दिवसांतून एक दिवस पाण्याची पाळी आपली. दोघा भावांत दोन-दोन आणे झाले की आठ दिवसांतून एक दिवस. त्यात पाळी रात्रीची आली, तर बॅटरी घेऊन मध्यरात्री पाणी पाजायला जायचं. बँकेच्या ईएमआयला वैतागणाऱ्यांनी एकदा हा हप्ता भरून बघावा.

"एवढं काय त्यात," काका म्हणाले, "छत्रपतींच्या घरात वाटणी झाली, तिथं आपण कोण?" आणि त्यांनी खिडकीतून नदीकडं हात केला.

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. जी नदी आम्ही पोहायची जागा म्हणून ओळखतो, ती एका मोठ्या वाटणीची रेघ आहे. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे, सख्खे चुलतभाऊ. दोघांची सैन्यं १७३० मध्ये इथंच वारणाकाठी भिडली, आणि १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेला तुंगभद्रेपर्यंत कोल्हापूरकरांचं, उत्तरेला सातारकरांचं. तुंगभद्रेच्याही खाली रामेश्वरापर्यंतचा जो मुलूख अजून हातात यायचा होता, त्याचीही निम्मी निम्मी वाटणी कागदावर करून ठेवली. (पीक यायच्या आधी वाटा ठरवणं हे आपल्या रक्तातच आहे!)

गंमत म्हणजे, किंवा गंमत नव्हेच, ज्या गादीची ही वाटणी झाली ती उभी केली होती ताराराणींनी. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजल्या त्या. साताऱ्याशी फाटल्यावर पन्हाळ्याला वेगळी गादी मांडली ती त्यांनी. १७१४ मध्ये सवतीच्या मुलाला गादीवर बसवून त्यांना कैदेत टाकलं गेलं. १७३० च्या लढाईत त्या सातारकरांच्या हाती लागल्या आणि पुढं साताऱ्यातच राहिल्या. तह दोन भावांचा. ताराराणींच्या वाट्याला काय आलं, हे कावळा नाक्यावर सिग्नलला थांबल्यावर मला आता दर वेळी आठवतं.

सोप्यात मात्र त्या क्षणी माझ्या डोक्यात ताराराणी नव्हत्या, साधा भागाकार होता. मुलं चार, मग १४० भागिले दोन कसं?

"त्या सोडणार न्हवं," काका सहज म्हणाले. "हक्कसोडपत्र केलंय तयार. उद्या सकाळी तालुक्याला जायाचं, नोंदणी करायची, झालं."

म्हणजे क्रम असा. आधी दोन्ही आत्त्यांनी आपला हक्क भावांच्या नावे सोडायचा. मग उरलेल्या दोघांनी तहसीलदारांकडं जाऊन जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटणी करून घ्यायची. आणि आत्त्यांना त्या दोन साड्या. आमच्याच घरात असं आहे असं समजू नका. तुमच्या घरची फाईल काढून बघा.

कायदा काय म्हणतो? १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तेव्हा वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं धरलं नव्हतं. वडिलांच्या वाट्यातला वाटा, एवढंच. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना बरोबरीचा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळून. थोरल्या आत्तीचं लग्न १९८८ चं, धाकटीचं ९१ चं. हुकलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरचा कायदा बदलला आणि मुलगी लग्न झालेली असो-नसो, जन्मानंच मुलाइतकी वाटेकरी ठरली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात उरलासुरला घोळही मिटवला, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. थोडक्यात, आमच्या १४० गुंठ्यांत चौघांना ३५-३५. साधं गणित. ते हक्कसोडपत्रावर सही होईपर्यंतच टिकतं, एवढंच.

आणि मग मला दुसरा एक हिशोब सुचला आणि घशात आवंढा आला. आत्त्यांनी सोडलेले सत्तर गुंठे जाणार कुठं? पस्तीस काकांकडं, पस्तीस पप्पांकडं. पप्पांकडचे पुढं दादाकडं आणि माझ्याकडं. स्त्री-पुरुष समानतेवर मी याच पानावर दोनदा लिहिलंय. आत्तीचा वाटा फिरून माझ्याच डब्यात पडणार होता.

मी उठून आत गेले.

लाईट गेली होती (रविवार ना!), मिक्सर बंद, म्हणून थोरली आत्ती पाट्यावर बसली होती. कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर, तीळ. वरवंटा पुढं-मागं. आमच्याकडं त्या गोळ्याला वाटण म्हणतात आणि ते चांगलं वाटलं गेलं नाही तर रस्सा कितीही तांबडा असो, पाणचट लागतो.

"काय करालीस आत्ती?"

"दिसंना व्हय? वाटालोय."

(एक सूचना. आमच्या कोल्हापुरात बायका 'मी करतो, मी जातो, मी वाटालोय' असंच बोलतात. पुण्यातल्या मैत्रिणी हसतात. हसू देत. मला ते ऐकायला झकास वाटतं. फक्त बोलण्यात पुरुषाची बरोबरी करणारी ही बाई सातबाऱ्यावर कुठं जाते, हा प्रश्न आहे.)

मी तिच्याशेजारी बसले. काय बोलावं सुचेना. एवढे इंटरव्ह्यू घेते मी, नगरसेवकांचे, नटांचे, एकदा तर एका मठाधिपतींचा. आत्तीला विचारताना जीभ जड झाली.

"आत्ती, ते कागदाचं... तुला काय वाटतं?"

वरवंटा थांबला.

"मला?" ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतं पाट्यावरचं वाटण बोटांनी गोळा करत राहिली. "इतकी वर्सं झाली, मला काय वाटतंय ते कुणी इचारलं न्हाई बघ."

मला वाटलं ती रडणार. ती नाही रडली. पदरानं कपाळ पुसलं आणि सांगायला लागली, एखादी रेसिपी सांगावी तसं. शाळा सातवीत सुटली ती भांगलायला माणूस नव्हतं म्हणून. मळीतला ऊस पहिल्यांदा लावला तेव्हा सरीत कांड्या दाबल्या होत्या त्या तिनं आणि आज्जीनं. लग्नाच्या आदल्या आठवड्यातसुद्धा ती पाणी पाजायला गेली होती. "तुझा काका तवा एवढासा हुता. बांधावर बसून गोट्या खेळायचा."

"मग सही नको करूस ना!" मी. शहरी उतावळेपणा, दुसरं काय.

"तसं न्हाई गं. मला पस्तीस गुंठं घेऊन काय करायचंय? पोरं लागली कामाला. आणि घेतलं म्हंजी हे दार बंद. दिवाळीला कुठं यायचं? तुझी काकू वाईट न्हाई, तिनं माझं लई केलंय." वरवंटा परत सुरू झाला. "पर कुणीतरी एकदा 'आक्का, ह्यो तुझा वाटा, घे' म्हणायला पायजे हुतं. मग मी 'नगं' म्हणलो असतो. न विचारताच नगं म्हणून लिव्हलंय कागदावर. साड्याबी आधीच आणल्यात."

हे वाक्य मी तेव्हा टिपून घेतलं नाही, वहीही नव्हती जवळ. पण शब्द न शब्द लक्षात आहे.

कोल्ड कॉफी पीत आपण 'चॉइस' या विषयावर किती बोलतो! मला वाटायचं, हक्क सोडणं म्हणजे अन्याय आणि हक्क घेणं म्हणजे न्याय. आत्तीला दोन्हीपैकी काहीच जमिनीपुरतं नको होतं. तिला 'नको' म्हणायची संधी हवी होती. आणि दस्तात तर लिहिलेलं असतं, की लिहून देणार स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय हक्क सोडत आहे. स्वखुशी टाईप करून आणलेली!

मी सोप्यात गेले आणि जे काही बोलले ते फार शहाणपणाचं नव्हतं. सगळ्यांसमोर पप्पांना विचारलं, "पप्पा, आत्तीला कुणी विचारलंय का?"

दस्तवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. काका म्हणाले, "इचारायचं काय त्यात? आमी काय परकं हाय?" धाकटी आत्ती एकदम भिंतीकडं बघायला लागली. पप्पा काहीच बोलले नाहीत. आमचे पप्पा कमी बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत, आई म्हणते लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते दोनदाच बोलले. बराच वेळ नकाशाकडं बघत बसले. मग उठले आणि आत गेले. मी मागं गेले, दारातच थांबले.

पप्पा पाट्यासमोर उकिडवे बसले. साठी उलटलेला माणूस, गुडघ्याच्या वाट्या कुरकुरतात, तरी बसले.

"आक्का," ते म्हणाले, "मळीतलं, मधलं, माळावरचं, सगळ्यात तुझा चौथा हिस्सा हाय. तुझा वाटा तुला घे."

झालं. आता आत्ती 'नगं' म्हणणार, डोळ्यांना पदर लावणार, आणि आम्ही सगळे रडून-हसून जेवायला बसणार. मनातल्या मनात मी कॉलमचा शेवट लिहूनसुद्धा टाकला होता.

आत्तीनं वाटणाचा गोळा ताटलीत काढला. पाट्यावर पाणी शिंपडून तेही निपटून घेतलं. हात धुतले. आणि म्हणाली,

"इचार करून सांगतो."

पप्पांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, त्यांची पाठ माझ्याकडं होती. काकांचा चेहरा मात्र मला दिसला, ते माझ्या मागंच येऊन उभे राहिले होते. रागावलेले नव्हते. परीक्षेत सिलॅबसबाहेरचा प्रश्न आल्यावर पोरं दिसतात, तसे दिसत होते.

दस्तवाले जेवून गेले. रस्सा अंड्यांचा होता, वाटण झकास जमलं होतं. साड्यांची पिशवी कोपऱ्यातच राहिली, ती द्यायची की ठेवायची हे काकूला कळेना. निघताना धाकट्या आत्तीनं मला अंगणात गाठून हळूच विचारलं, "ते आक्काला म्हणालं तसं मलाबी म्हणणार काय गं तुझं पप्पा?" माझ्या रिकाम्या डब्यात आत्तीनं उरलेलं वाटण भरून दिलं. फ्रीजमध्ये आठ दिवस टिकलं.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. आत्तीचा विचार अजून चालू आहे. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात, या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. पप्पांनी मध्ये एकदा स्वतःहून मला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" मी म्हटलं, विचार करून सांगते.

काल रात्री काकांचा फोन आला.

"रविवारी वाटे करायचेत. लौकर ये."

या वेळी मी हुशारीनं लगेच विचारलं, "काका, कसले?"

फोन कट झाला होता. डबा घासून ठेवलाय. बरोबर पेनही घेणार आहे.